शिळं उत्तर

१

माझं काम दारवानाचं आहे, फक्त माझं दार डोळ्यांना दिसत नाही. ऑफिसात, कॉलेजात, दवाखान्यात कोणी लॅपटॉप उघडून तिथल्या नेटवर्कला जोडायला गेलं की मध्ये एक प्रोग्राम उभा असतो. तो विचारतो, तू कोण? उत्तर पटलं तर आत घेतो, नाही पटलं तर हाकलून देतो. हा प्रोग्राम मी आणि आणखी चार-पाच जण मिळून सांभाळतो. त्याला अधूनमधून फटी पडतात. कुठूनतरी कोणी हुशार माणूस कळवतो की बाबांनो, तुमच्या दारातून इथून हात आत जातोय. मग आम्ही ती फट बुजवतो. बावीस वर्षं मी हेच करतोय. दार मी बनवलेलं नाही, हे मात्र भेटेल त्याला आवर्जून सांगतो.

काम घरूनच. चौथ्या मजल्यावर एक खोली, तिला चिकटून स्वयंपाकघर. टेबल भिंतीला लावलंय, कारण खिडकीपाशी लावलं तर पडद्यावर उजेड पडतो. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणजे दुसऱ्या गावी, स्वतःच्या पायांनी. भांडणतंटा काही नव्हता. "तुझ्याबरोबर राहणं आणि एकटं राहणं यात फरक एवढाच, की दोन कप विसळावे लागतात," ती म्हणाली. मला ते लगेच पटलं, आणि तेच तिला आवडलं नाही.

रोज पाच वाजता मी आईला फोन करायचो. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बसने पाऊण तास. वय एक्याऐंशी. डोळे अधू झालेत, समोर कोणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. दोन वर्षांपूर्वी पोराचा हुबेहूब आवाज काढून म्हाताऱ्यांना फसवण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा मीच तिला शिकवलं होतं, की माझा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही. आधी प्रश्न विचारायचा.

"तळ्यात काय टाकलंस?" आई विचारायची.

"बाबांचा चष्मा."

"बोल, मुंगळ्या."

मुंगळ्या हे माझं घरातलं नाव. लहानपणी मी आईच्या पायाला असा चिकटून असायचो की तिला चालणं मुश्किल व्हायचं. चष्म्याची गोष्ट मी सहा वर्षांचा असतानाची. टाकला मीच, आणि काढायला उडीही मीच मारली. डाव्या पायाची करंगळी दगडावर आपटून मोडली ती वाकडीच जुळून आली. अजूनही ती शेजारच्या बोटावर चढून बसलेली असते. चष्मा काही सापडला नाही.

आमचा फोन चार मिनिटं चालायचा. फोनच तसं दाखवतो, म्हणून माहीत. आणि शेवटचा मी तिच्याकडे गेलो त्याला आठ महिने झाले होते. पाऊण तासाच्या वाटेला आठ महिने. कारण विचाराल तर काम, आणि काम म्हटलं की आई पुढचं विचारत नसे.

२

मंगळवारी सकाळी एका संशोधकाचं पत्र आलं. सभ्य माणूस होता, आधी कौतुक आणि मग तडाखा. त्याचं म्हणणं असं, की आमचा दारवान काही जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी प्रत्येक वेळी तोच तो प्रश्न विचारतो. वाटेत दबा धरून बसलेल्या कोणी एकदा झालेलं प्रश्नोत्तर टिपून ठेवलं, की झालं. त्याला पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. तेच शिळं उत्तर त्याने पुन्हा दारवानाच्या तोंडावर फेकायचं आणि आत जायचं.

ती सोय मीच केली होती, बारा वर्षांपूर्वी.

मी लगेच चिमटाबाईंना फोन लावला. त्या आमचा प्रोग्राम तपासतात. लिहिलेल्या प्रत्येक ओळीला चिमटा काढून बघतात म्हणून हे नाव, आणि ते त्यांना माहीत आहे. आम्ही सात वर्षं एकत्र काम करतोय, भेटलो एकदाच.

मी बोलण्याआधी दोनदा घसा खाकरतो. सवय आहे, छोटे छोटे दोन खाकर. त्या हसल्या.

"झालं इंजिन सुरू. बोला सर."

सगळं सांगितलं. आमचं एक चाचणीचं नेटवर्क आहे, त्यात आम्हा दोघांशिवाय कोणाचं खातं नाही. तिथे हा हल्ला खरंच जमतो का ते आज दोघांनी बघायचं ठरलं. पण तिथे कोण कधी आत आलं याची नोंदवही मी उघडली, तर एक ओळ आधीच होती. अकरा चाळीस, माझं नाव, स्वीकारलं.

अकरा चाळीसला मी दुधाकडे बघत उभा होतो. ते नक्की आठवतं, कारण बघत असूनही ते उतू गेलं होतं.

"माझं जुनं उत्तर वापरून तुम्ही आत शिरलात का सकाळी?" मी विचारलं.

"मी आत्ता बसतेय कामाला. पोरीला शाळेत सोडून आले."

"मग हे कोण?"

"तुम्हीच असाल हो. लॅपटॉप आपला आपला जोडला गेला असेल."

तसं होतं कधी कधी. मी ते मान्य करून टाकलं.

पाच वाजता आईला फोन केला. चष्मा झाला, बोल मुंगळ्या झालं. मग ती म्हणाली, "आज दुसऱ्यांदा परीक्षा दिलीस."

"दुसऱ्यांदा कुठली?"

"सकाळी केलास ना फोन. साडेअकराच्या पुढे. मी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला."

मी घड्याळाकडे बघितलं. कशासाठी ते माहीत नाही. आई एक्याऐंशीची आहे, मी स्वतःला सांगितलं. कालचा फोन आज झाला असं वाटलं असेल.

"डॉक्टरकडे जाऊन आले ना मी परवा," ती सांगत होती. "त्यांनी काय सांगितलं, तर—"

"औषधं घेतेस ना वेळेवर? बरं आई, माझी मीटिंग आहे. उद्या बोलू."

तीन मिनिटं चाळीस सेकंद.

३

फट बुजवणं अवघड नव्हतं. दारवानाने दर वेळी नवा प्रश्न विचारायचा. एक ताजा, कधीही न वापरलेला आकडा समोर टाकायचा आणि म्हणायचं, तुझ्याजवळचं गुपित यात मिसळून दाखव. उत्तर रोज वेगळं येणार. त्यामुळे कालचं उत्तर टिपून ठेवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दोन दिवसांत लिहून झालं.

लिहिता लिहिता लक्षात आलं, की आईचा प्रश्नही शिळाच आहे. दोन वर्षं रोज तोच चष्मा. जिन्यातून जाता-येता कोणी एकदा ऐकलं की संपलं. म्हटलं, जगाची दारं दुरुस्त करतोय आणि आईचं दार सताड उघडं.

"रोज नवा प्रश्न विचारायचा," मी तिला फोनवर सांगितलं. "आणि जुन्यातलं काढू नकोस, जुनं सगळ्यांना ठाऊक असतं. ताजं विचार. आपल्या दोघांनाच माहीत असेल असं."

"ताजं," ती म्हणाली. "आपल्या दोघांचं ताजं काय आहे रे?"

"असेल की काहीतरी. बोलतो ना रोज."

"बरं. मग सांग, परवा मी तुला काय शिवायला घेतलंय म्हणून सांगितलं?"

मी घसा खाकरला. परवा ती काहीतरी बोलत होती आणि मी समोर पडद्यावर एक चूक शोधत होतो, एवढं आठवत होतं.

"उशीचा अभ्रा," मी ठोकून दिलं.

मागे तिचा पंखा कुरकुरत होता. तो दर फेरीला एकदा कुरकुरतो.

"चालेल," आई म्हणाली. "बोल."

आमच्या धंद्यात याला सूट म्हणतात. नवा नियम एकदम लावला तर जगभर हजारो यंत्रं बंद पडतील. म्हणून पहिले काही दिवस दारवान सगळ्यांना आत घेतो, पण ज्याचं उत्तर चुकलं त्याचं नाव बाजूला लिहून ठेवतो. मग आम्ही त्या त्या लोकांना कळवतो, की अमुक तारखेला दार बंद होणार, तोवर सुधारा. आई मला सूट देत होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी फक्त सुटलो म्हणून बरं वाटून घेतलं.

त्या आठवड्यात तिने रोज विचारलं. शेजारी नवीन कोण आलं? मी कशावरून पडता पडता वाचले? डॉक्टरांचं तुला सांगितलं ना? शेवटच्याला मी "हो हो, सांगितलंस की" म्हणालो. नाही म्हटलं असतं तर सगळं पुन्हा ऐकावं लागलं असतं.

४

पुढच्या बुधवारी चिमटाबाईंचा फोन आला.

"सर, चाचणीच्या नेटवर्कवर सूट दिलेल्यांच्या यादीत एकच नाव आहे."

"कोणाचं?"

"तुमचं. तुमचं मशीन शिळं उत्तर देतंय. सगळ्या जगाला नवीन करायला लावताय आणि स्वतः?"

मी लॅपटॉप तपासला. सगळं नवीनच होतं, मीच घातलेलं. पुसून पुन्हा घातलं. घड्याळ बरोबर आहे का ते पाहिलं. कधी कधी घड्याळ मागे राहिलं तरी असले घोटाळे होतात. घड्याळ बरोबर होतं. पुन्हा जोडून बघितलं. स्वीकारलं, सूट, उत्तर जुनं.

"पण एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी जोडता ना, अकरा चाळीसला, तेव्हा अगदी बरोबर उत्तर येतं. दुपारनंतर बिघडतं."

सकाळी मी जोडतच नव्हतो. सकाळी मी चाचणीचं नेटवर्क उघडतच नाही. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण त्याच पुढे बोलत होत्या.

"बाय द वे, कालची मीटिंग छान झाली. सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पोरीची चौकशी केलीत. तिचा दात पडला ते लक्षात ठेवलंत. मला बरं वाटलं, खरंच."

काल मीटिंगच्या वेळी माझं इंटरनेट गेलं होतं. तासभर मी या भिंतीसमोर बसून गोल फिरणारी चकती बघत होतो. मला दाताचं काही ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "कशी आहे ती आता?"

फोन ठेवल्यावर मी नोंदवही उघडून त्या ओळींकडे बघत बसलो. कोणी चोर असेल तर त्याला माझं गुपित ठाऊक आहे. ठीक आहे. गुपित बदलता येतं. मी नवीन गुपित तयार केलं, लांबलचक, अर्थ नसलेलं, कुठेही न लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून पडद्यासमोर बसलो. हात मांडीवर ठेवले होते, की नंतर स्वतःवरच शंका नको.

अकरा चाळीसला ओळ उमटली. माझं नाव. ताजा प्रश्न, बरोबर उत्तर, स्वीकारलं.

पंखा बंद होता. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पीप पीप येत होती. मला आठवतं, मी मोठ्याने "कोण आहे?" असं विचारलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. खोलीत दुसरी खुर्चीही नाही.

मग मी जोडून बघितलं, नव्या गुपितानिशी. स्वीकारलं, सूट, उत्तर जुनं.

५

त्याच दिवशी आईने चपलांचा विषय काढला.

"बसल्या हो चपला," ती म्हणाली. "आधी वाटलं घट्ट होतील. पण तू म्हणालास तसं झालं, दोन दिवसांत सैल पडल्या."

"कुठल्या चपला?"

"रविवारी आणल्यास त्या. निळ्या आहेत म्हणालास, मला काय कळतंय निळ्या का पिवळ्या."

फोनवरचा गोंधळ वेगळा आणि हे वेगळं. म्हणजे कोणीतरी तिच्या घरात जात होतं. तिला चेहरा दिसत नाही हे ओळखून, तिच्याजवळ बसत होतं.

"आई, रविवारी मी आलो नव्हतो."

"असं काय करतोस?"

"आई, नीट ऐक. मी आठ महिन्यांत आलेलो नाही. जो येतोय तो मी नाही."

पंखा तीनदा कुरकुरला.

"मी प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "तूच सांगितलंस म्हणून. दाराआडून विचारला, नवा. उत्तर बरोबर आलं. मग हात धरून बघितला. पायसुद्धा बघितला मी, करंगळी चढलेली."

मी तेच बोललो जे बावीस वर्षं बोलत आलोय.

"मग अजून कडक करायचं. सूट बंद. येत्या रविवारी मी स्वतः येतो, तीन वाजता. दाराआडून असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तू फक्त मला सांगितलं आहेस. एकच संधी. उत्तर चुकलं तर दार उघडायचं नाही. कितीही गयावया केली तरी नाही."

"आणि तूच चुकलास तर?"

"मी कसा चुकेन?"

"चुकलास तर?"

"तरी उघडायचं नाही. मी असलो तरी. वचन दे."

आईने वचन दिलं. ती दिलेला शब्द मोडत नाही. लहानपणी तिने एकदा जेवायला नाही म्हटलं तर नाहीच दिलं, आणि रात्रभर स्वतःही उपाशी राहिली.

फोन ठेवल्यावर मी मुख्य दारवानालाही तीच वेळ लावली. असले बदल आम्ही सुट्टीच्या दिवशी दुपारी करतो, कारण तेव्हा फारसं कोणी जोडलेलं नसतं. रविवार, दुपारी तीन. त्यानंतर सूट नाही. चाचणीच्या नेटवर्कलाही तोच नियम, आणि तिथे ज्यांना नाकारलं त्यांची नावं माझ्या फोनवर येतील. मला हुरूप आला होता, हे कबूल करतो. भीतीच्या खाली कुठेतरी बरं वाटत होतं, की दोन्ही फटी एकदम बुजणार.

६

रविवारी मी लॅपटॉप चाचणीच्या नेटवर्कला जोडून चालूच ठेवून निघालो. बसमध्ये गर्दी नव्हती. आईसाठी काय न्यावं ते सुचलं नाही. मधल्या थांब्यावर उतरून संत्री घेतली आणि पुढची बस पकडली. तिला संत्री आवडतात की सोलायचा कंटाळा येतो, हे आठवून बघितलं. आठवलं नाही.

इमारतीच्या जिन्याला नवा रंग लागला होता. आठ महिन्यांपूर्वी कठडा हलायचा, आता घट्ट होता. आईच्या दारासमोरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत एक म्हातारा माणूस डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसला होता. भिंतभर घड्याळं होती, पण आवाज एकाचाच येत होता. शेजारी नवीन कोण आलं, या प्रश्नाचं उत्तर हे होतं तर.

त्यांनी भिंग न काढताच माझ्याकडे बघितलं.

"कोणाकडे?"

"समोर."

"त्यांचा मुलगा आलाय आत्ता. दर रविवारी येतो. हा कठडासुद्धा त्यानेच ठोकला." त्यांनी चिमट्याने जिन्याकडे दाखवलं. "फार जीव आहे पोराचा आईवर. तुम्ही कोण?"

तोंडाशी आलेलं वाक्य मला बोलता आलं नाही. त्यांनी ज्या सुरात पोराचा म्हटलं, त्या सुरापुढे माझं म्हणणं मलाच खोटं वाटलं.

"ओळखीचा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. तीनला दोन मिनिटं कमी होती. मी आईच्या दाराशी उभा राहिलो. आत पंखा कुरकुरत होता. कपबशीचा आवाज आला. आई हसली. फोनवर ती असं हसत नाही. असं ती हसायची तेव्हा मी शाळेत जात होतो.

मी दार वाजवलं. हसणं थांबलं. सरपटती पावलं आली, नव्या चपलांची.

"कोण?"

मी दोनदा घसा खाकरला. "आई, मी."

"थांब हं. विचारते." तिचा आवाज अगदी दाराला लागून होता, लाकडात तोंड घालून बोलल्यासारखा. "डॉक्टरांनी मला काय सांगितलं? हे मी फक्त माझ्या मुलाला सांगितलंय, दुसऱ्या कोणाला नाही."

तिने सांगितलं होतं का? सांगायला घेतलं होतं. तर, म्हणाली होती ती. त्यांनी काय सांगितलं, तर. त्यापुढे मी मीटिंगला गेलो होतो. कुठली मीटिंग ते आता आठवत नव्हतं. त्या ‘तर’च्या पुढे काय होतं, ते विचारायला मला नंतर अकरा दिवस मिळाले होते, रोजची चार मिनिटं. आणि वर मी हो हो म्हणालो होतो.

"डोळ्यांचं," मी म्हणालो. "डोळ्यांबद्दल काहीतरी."

"डोळ्यांचा डॉक्टर नव्हता तो," दाराआडून आई म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"आई, बाबांचा चष्मा. तळ्यात बाबांचा चष्मा टाकला मी."

"ते जुनं झालं."

आत खुर्ची सरकली. कोणीतरी उठलं आणि शांतपणे चालत दारापर्यंत आलं. मग मी ऐकलं, अगदी हलके, छोटे छोटे दोन खाकर. त्यानंतर तो आईला हळूच काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, सूर कळला. काळजीने विचारतात तसा सूर होता. तो मी कधी वापरलेला नाही, पण आवाज माझाच होता.

मी जिन्यातल्या फरशीवर गुडघे टेकले, मग हात, मग गाल. संत्री पिशवीतून सांडून पायऱ्या उतरत गेली. दाराखाली बोटभर फट आहे. ती पूर्वीपासून आहे, पावसाळ्यात आई तिथे फडकं लावते. फटीतून खिडकीचा उजेड येत होता आणि त्या उजेडात चार पावलं होती. दोन निळ्या चपलांतली, सुजलेली. दोन अनवाणी, घरच्या माणसाची असतात तशी. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

आईचे पाय कशाने सुजले असतील? पहिला विचार मला हाच आला, आणि तो फार उशिरा आला.

खिशात फोन थरथरला. तीन वाजले होते. पडून पडूनच मी तो डोळ्यांसमोर धरला. नाकारलेले, एक. खाली माझं नाव.

"आई," मी फटीतून म्हणालो. "सांग ना काय म्हणाले डॉक्टर. दार नको उघडूस. नुसतं सांग."

पलीकडे निळ्या चपला जरा मागे सरकल्या. अनवाणी पाय तिच्या बाजूला तसेच उभे राहिले. आई बोलली तेव्हा तिचा आवाज मऊ होता, दारावर आलेल्या परक्या माणसाशी ती बोलते तसा.

"नाही हो जमलं तुम्हाला. वाईट वाटून घेऊ नका, मी शब्द दिलाय मुलाला." ती थोडं थांबली. "तुमची आई असेल ना कुठे? तिच्याकडे जात जा अधूनमधून."